खाणीच्या गाळावर पाणी सोडण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद पडलेल्या खाणींच्या जागांचे पुढे काय करायचे, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. विषय घेतलात हे उत्तम झाले. खाण चालू असते तोवर तिच्या बातम्या येतात; कुलूप लागले की मागे उरलेल्या टेलिंग्जकडे, म्हणजे धातू काढून घेतल्यावर राहिलेल्या बारीक गाळाकडे, कुणी ढुंकूनही पाहत नाही. मात्र लेखात दोन गोष्टी अशा मांडल्या आहेत की गप्प बसवेना. एक म्हणजे, मातीत किलोमागे जितके मिलिग्रॅम आर्सेनिक निघाले तितका धोका, हे गृहीतक. दुसरी उपायाची: ढिगांवर सेंद्रिय खत पसरून हिरवळ वाढवायची, खोलगट भागात पाणी अडवून तळे करायचे, की आर्सेनिक खाली दबून राहील. माझी नोकरी माती-पाण्याच्या रासायनिक तपासणीत गेली आणि त्यातला मोठा काळ खाणपट्ट्यांतले नमुने माझ्या टेबलावर येत असत. तळ्याची सूचना वाचून खरोखर धास्ती वाटली, म्हणून हे लांबलेले पत्र. जागा कमी पडली तर हा पहिला परिच्छेद कापा, पुढचे मात्र कापू नका.

आर्सेनिक येते कुठून, ते आधी. सोने, तांबे, शिसे, जस्त यांच्या धातुकांसोबत आर्सेनोपायराइट नावाचे खनिज पुष्कळदा असते. लोह, आर्सेनिक आणि गंधक यांचे ते संयुग. वजनाच्या ४६ टक्के नुसते आर्सेनिकच. मनशीळ आणि हरताळ हीसुद्धा आर्सेनिक-गंधकाचीच खनिजे. खडकाच्या पोटात हवा पोचत नाही तोवर ही मंडळी कोट्यवधी वर्षे निमूट पडून राहतात. आपण खडक फोडतो, दळून त्याची पूड करतो, हवे ते काढून घेतो आणि उरलेले उघड्यावर टाकतो. दळल्यामुळे खनिजाचा उघडा पृष्ठभाग कैक पटींनी वाढलेला असतो. त्यावर पाऊस आणि हवा लागली की गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते, लोह विरघळते आणि आर्सेनिक मोकळे सुटते. विरघळलेले फेरिक लोह, म्हणजे अधिक ऑक्सिडीकरण झालेले लोह, पुन्हा उरलेल्या खनिजावर तुटून पडते आणि त्या भानगडीत स्वतः फेरस, म्हणजे कमी ऑक्सिडीकरण झालेले, होते. आम्लात त्याचे परत फेरिक व्हायला एरवी फार वेळ लागला असता, पण अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्ससारखे जिवाणू याच क्रियेवर जगतात आणि ती झपाट्याने उरकतात. खाण बंद होऊन माणसांची एक पिढी सरली तरी ढिगाखालून आंबट पाणी पाझरत राहते, ते यामुळे.

या झिजेतच आर्सेनिकला अडकवणारा सापळाही तयार होतो, तो म्हणजे गंज. आम्ल थोडे सौम्य झाले, हवा मिळाली, की विरघळलेल्या लोहाचा नारिंगी-तपकिरी साका बसतो. त्यातला ताजा, धड स्फटिकही न बनलेला प्रकार म्हणजे फेरिहायड्राइट. याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग दोनशे चौरस मीटरहूनही अधिक भरतो. आर्सेनिकचे हवेत टिकणारे रूप म्हणजे आर्सेनेट. ते या पृष्ठभागाला नुसते चिकटत नाही, तर ऑक्सिजनच्या पुलाने थेट लोहाच्या अणूंशी बांधले जाते. फार आंबट पाण्यात श्वेर्टमनाइट, जॅरोसाइट आणि स्कोरोडाइट ही खनिजे तेच काम करतात. फ्रान्सच्या दक्षिणेला कार्नुलेस येथे शिसे-जस्ताची एक खाण १९६२ साली बंद झाली. तिने सुमारे १५ लाख टन टेलिंग्ज मागे ठेवले आणि त्यांच्याखालून रेगूस नावाचा लहानसा ओढा निघतो. उगमापाशी त्याच्या पाण्यात आर्सेनिक लिटरला शेकडो मिलिग्रॅमपर्यंत गेलेले आढळले आहे. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने धरलेली मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. यावरून अंदाज यावा. तरी पहिल्या तीसेक मीटरच्या वाहण्यातच त्यातले २० ते ६० टक्के आर्सेनिक लोहाबरोबर तळाशी बसते. तिथे कुणी यंत्र बसवलेले नाही. लोहाचे ऑक्सिडीकरण करणारे जिवाणू आणि आर्सेनाइटचे, म्हणजे प्राणवायू नसताना टिकणाऱ्या आर्सेनिकच्या रूपाचे, आर्सेनेट करणारे थायोमोनास जातीचे जिवाणू मिळून हे करतात.

आता कुणी म्हणेल, मग काळजी कसली? निसर्गच बंदोबस्त करतो आहे. करतो, पण अटींवर, आणि या अटी आपल्या लेखातला उपाय एकामागून एक मोडत जातो.

सर्वांत मोठी अट हवेची. गाळ पाण्याखाली गेला की त्यातला प्राणवायू लवकरच संपतो, आणि वर कुजणारा पालापाचोळा किंवा खत असेल तर फारच लवकर. प्राणवायू संपला म्हणून जिवाणू मरत नाहीत. ते श्वसनासाठी दुसरे काही शोधतात: आधी नायट्रेट, मग मँगनीजची ऑक्साइडे, मग लोहाचा गंज. जिओबॅक्टर आणि शिवानेला हे यातले नामांकित. फेरिक लोहाचे ते फेरस करतात, फेरस विरघळते, आणि ज्याच्या अंगावर आर्सेनिक बसले होते तो गंजच पायाखालून नाहीसा होतो. काही जिवाणू तर थेट आर्सेनेटवरच श्वास घेतात. १९९४ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील दूषित गाळातून असा एक जिवाणू वेगळा केल्याचे प्रसिद्ध झाले आणि मग अशा जिवाणूंची यादी वाढतच गेली. आर्सेनेटचे त्यांच्याकडून आर्सेनाइट होते. साध्या सामूच्या (पीएचच्या), म्हणजे फार आंबट वा फार अल्कधर्मी नसलेल्या, पाण्यात आर्सेनाइटवर विद्युतभारच नसतो. मातीतल्या बहुतेक खनिजांवर ते सैल बसते, लोहाच्या गंजावर बसले तरी लवकर सुटते, आणि वर आर्सेनेटपेक्षा अधिक विषारी. बंगालच्या त्रिभुज प्रदेशातल्या विहिरींत आर्सेनिक आले ते मुख्यतः याच क्रियेने, आणि तिथे तर वरच्या अंगाला खाणदेखील नाही. नदीच्या गाळातले साधे आर्सेनिक पुरेसे झाले. मग जिथे गाळातच ते शेकड्यांनी, हजारांनी मिलिग्रॅम आहे तिथे काय होईल?

काय होते, ते अमेरिकेच्या मोंटाना राज्यात दिसले. क्लार्क फोर्क नदीवर मिलटाउन येथे १९०८ साली धरण पूर्ण झाले आणि त्याच वर्षी मोठा पूर आला. वरच्या अंगाला ब्यूट आणि अ‍ॅनाकोंडा इथे तांब्याच्या खाणी आणि भट्ट्या. त्यांचा टाकाऊ माल पुराबरोबर वाहत येऊन धरणामागे साचला आणि पुढे वर्षानुवर्षे साचत राहिला. वरून पाहणाऱ्याला छान जलाशय. १९८१ साली नेहमीच्या तपासणीत शेजारच्या वस्तीच्या विहिरींत आर्सेनिक सापडले. जलाशयाच्या तळाचा गाळ हवेवाचून कोंडलेला, त्यातली लोह-मँगनीजची ऑक्साइडे विरघळलेली, आणि सुटलेले आर्सेनिक भूजलाबरोबर विहिरींकडे निघालेले. जलाशयाची पातळी खालीवर होई तशी गाळाची वरची बाजू कधी उघडी पडे, कधी बुडे. उघडी पडली की सल्फाइडे, म्हणजे गंधकाची खनिजे, गंजत, बुडाली की गंज विरघळे. दोन्ही बाजूंनी मरण. १९८३ मध्ये ती जागा सुपरफंड, म्हणजे घातक कचऱ्याच्या सफाईसाठीच्या अमेरिकी सरकारच्या, यादीत गेली, २००८ मध्ये धरण फोडले, आणि लाखो घनमीटर गाळ उकरून आगगाडीने परत अ‍ॅनाकोंडाकडे न्यावा लागला. जिथून आला तिथे, पण शंभर वर्षांनी आणि करदात्याच्या नजरेसमोर!

पाण्याखाली ठेवणे नेहमीच वाईट, असे मात्र कुणी समजू नये. ताजे, न गंजलेले सल्फाइडी टेलिंग्ज असतील तर ते पाण्याखालीच ठेवावेत, हा उपाय जगभर मान्य आहे आणि मलाही मान्य आहे. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट संथपणे तो साचलेल्या पाण्यातून पसरतो. सल्फाइडापर्यंत तो पोचलाच नाही तर आर्सेनिक मोकळे होण्याचा प्रश्नच येत नाही. पण जो ढीग चाळीस वर्षे उन्हापावसात पडून लाल झाला आहे, त्यातले आर्सेनिक आता सल्फाइडात राहिलेलेच नाही. ते गंजावर जाऊन बसले आहे. त्याला पाण्याखाली घालणे म्हणजे दार उघडून देणे. म्हणजे एकच तळे एका ढिगाला औषध आणि शेजारच्या ढिगाला विष. लेखात मात्र हा भेद कुठेच आला नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

यात आणखी एक पोटभेद आहे, रसायनशास्त्राची आवड नसलेल्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. पाण्याखालच्या गाळात सल्फेट भरपूर असेल, आणि खाणीच्या गाळात ते असतेच, तर लोहानंतर जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि सल्फाइड तयार होते. मग आर्सेनिक पुन्हा पकडले जाऊ शकते: आर्सेनिकयुक्त पायराइट, किंवा मनशीळ-हरताळासारखे सल्फाइड. म्हणजे गंजाचा सापळा मोडला आणि गंधकाचा लागला. पण या दोहोंच्या मध्ये एक पोकळी राहते. लोह संपलेले आणि सल्फाइड जास्त झालेले असेल तर आर्सेनिक गंधकाला धरून थायोआर्सेनेट म्हणून पाण्यातच तरंगत राहते आणि खनिजांवर सहजी बसत नाही. शिवाय पाणी आटले, तळे उपसले, बंधारा फुटला की सल्फाइडचा सापळा हवेत उघडा पडतो आणि पहिल्यापासून सगळे सुरू. तेव्हा तळे करायचेच असेल तर ते कधीही आटणार नाही, याची हमी कोण देणार आणि किती वर्षांची?

सामूची अटही मोडते ती चांगल्या हेतूने. आंबट गाळ दिसला की चुना टाकायचा, ही सवय. शिसे, तांबे, जस्त, कॅडमियम यांच्यासाठी ते बरोबर आहे, सामू वाढला की हे धातू बसतात. आर्सेनेट मात्र ऋणभारित. सामू आठाच्या पुढे गेला की गंजाच्या पृष्ठभागाचा धनभार संपतो आणि आर्सेनेटची पकड सुटू लागते. स्कोरोडाइटचेही तसेच: फार आंबट पाण्यात ते टिकते, सामू वाढवला की त्यातले लोह गंज होऊन मागे राहते आणि आर्सेनिक पाण्यात उतरते. चुना बेताने टाकला, सोबत लोहाची भर दिली, तर निभावते. डोळे मिटून पोती ओतली तर शिशाचा आकडा सुधारलेला अहवाल हाती येतो आणि आर्सेनिक वाहून गेलेले असते.

फॉस्फेटचे त्याहून वाईट. फॉस्फेट आणि आर्सेनेट यांची ठेवण इतकी सारखी की गंजाच्या बाकावर दोघेही त्याच जागा मागतात, आणि फॉस्फेट संख्येने जास्त आले की आर्सेनेटला उठावे लागते. शिसे बांधून ठेवण्यासाठी मातीत फॉस्फेट टाकतात, ते शिशापुरते उत्तम काम करते. पण जिथे शिसे आणि आर्सेनिक एकत्र आहेत तिथे एकाला कोंडताना दुसरा सुटतो. सेंद्रिय खतात फॉस्फेटही असते, विरघळणारे सेंद्रिय पदार्थही असतात आणि जिवाणूंचे खाद्यही. म्हणजे ढिगावर खत पसरून खाली पाणी अडवले, तर आर्सेनिक सुटायला जे जे लागते ते ते आपण पुरवले. हिरवळ मात्र छान उगवेल. धुरळा कमी होईल, हा फायदा मी नाकारत नाही. वाऱ्याने उडणारी टेलिंग्जची धूळ हा वेगळा आणि खरा धोका आहे. त्यासाठी झाकायचेच तर कोरड्या, निचरा होणाऱ्या ढिगावर, लोहयुक्त भर घालून, आणि पाझर मोजत झाका.

आता आकड्यांविषयी. एकूण आर्सेनिक काढायचे तर माती आम्लराजात उकळतात, बांधलेले आणि मोकळे सगळे एकत्र बाहेर येते. दोन ढिगांचे असे आकडे तंतोतंत सारखे आले आणि त्यांच्या कणांमधल्या पाण्यात आर्सेनिक अगदी वेगवेगळे निघाले, असे मी अनेकदा पाहिले आहे. कचरा घातक आहे का हे ठरवणारी टीसीएलपी नावाची चाचणी आहे, ती सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात, सामू पाचाच्या आसपास, करतात. शिशासाठी ती कडक परीक्षा आहे. आर्सेनेट नेमके त्याच सामूला गंजाला घट्ट धरून असते, म्हणून ते आरामात उत्तीर्ण होते. त्यापेक्षा टप्प्याटप्प्याने निष्कर्षण करावे: आधी साध्या क्षाराने सैल आर्सेनिक, मग फॉस्फेटने पृष्ठभागावर बसलेले, मग अंधारात ऑक्झॅलेटने ताज्या गंजातले, मग स्फटिकी गंजातले, आणि शेवटी उरलेले. वेळ लागतो, पण ढीग बुडवला तर किती सुटेल याचा अंदाज त्यातूनच येतो.

आणि नमुना! आमच्याकडे नमुने बहुतेकदा दुसऱ्यांनी गोळा करून पाठवलेले असत. तळाचा गाळ काढताना तो काळा कुळकुळीत असतो, सल्फाइडचा वास येतो. हाच गाळ साध्या पिशवीतून आला, ट्रेमध्ये पसरला, की बघता बघता कडेने तपकिरी होत जातो आणि दुसऱ्या दिवशी सगळा विटकरी. म्हणजे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत फेरसचे फेरिक झाले, सुटलेले आर्सेनिक परत गंजावर बसले, आणि आम्ही तपासत असू तो नमुना त्या जलाशयात अस्तित्वातच नव्हता. जुन्या पद्धतीत जस्त आणि आम्लाने आर्सेनिकचा वायू करून तो सिल्व्हर डायइथाइल डायथायोकार्बामेटच्या द्रावणात सोडत. पिरिडिनचा तो वास आणि नळीत हळूहळू चढणारा लाल रंग. मध्ये लेड अ‍ॅसिटेटचा कापूस लावायचा, सल्फाइडचा वायू अडवण्यासाठी. एकाच खड्ड्यातले दोन नमुने एकदा लागोपाठ लावले: पिशवीतून वाळून आलेल्याचा कापूस पांढराच राहिला, तोंडापर्यंत भरून हवाबंद बरणीत आलेल्याचा क्षणात काळा झाला. तेव्हापासून कुठलाही अहवाल हाती आला की मी पहिल्यांदा नमुना कसा आणला ते पाहतो. पाण्याचेही तसेच. जागेवर गाळून आम्ल घातले नाही, तर बाटलीतच लोहाचा साका बसतो, आर्सेनिकला तळाशी घेऊन जातो, आणि वरचे स्वच्छ पाणी तपासून सगळे ठीक असल्याचा दाखला मिळतो.

सगळे आर्सेनिक गंजाच्या हवाली करता येते असेही नाही. कॅनडात यलोनाइफजवळच्या जायंट खाणीत सोन्यासाठी आर्सेनोपायराइटयुक्त धातुक भाजत असत. १९४८ ते २००४ चाललेल्या त्या खाणीच्या पोटात २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइडची, म्हणजे आपल्या सोमलची, भुकटी कोंडून ठेवलेली आहे. लिटरभर पाण्यात वीसेक ग्रॅम सहज विरघळणारा हा पदार्थ. तिथे उपाय ठरला तो जमीन गोठवण्याचा: भुकटीच्या कोठड्यांभोवतीचा खडक कायमचा गोठलेला ठेवायचा, म्हणजे पाणी आत शिरणार नाही. धुराड्यातून उडालेले आर्सेनिक मात्र आसपासच्या तळ्यांच्या तळाशी आहे, आणि हिवाळ्यात वर बर्फ धरून तळाचा प्राणवायू सरला की त्यातले काही पुन्हा पाण्यात चढते. धुराडे थंडावले, तळ्यांचे काम चालूच आहे.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असे आपण म्हटले आहे. त्यात तज्ज्ञांकडून आकडे घ्याल तेव्हा एकूण आर्सेनिकच्या जोडीने एवढे मागून घ्यावे: ढीग गंजलेला की ताजा, लोह फेरिक किती, फेरस किती, कणांमधल्या पाण्यात आर्सेनिक किती आणि त्यात आर्सेनाइट किती, सामू, सल्फेट व सल्फाइड, नमुना किती खोलीचा, पावसाळ्यानंतरचा की उन्हाळ्यातला, आणि तो हवाबंद आणला होता का. यातला शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचा गप्प झाला, तर तळ्याचा आराखडा छापण्याची घाई करू नये.

कळावे,
आपला,
एक निवृत्त माती-पाणी विश्लेषक